बाहेर येणाऱ्यांची तोंडं

"त्या हॉटेलाला पाच चांदण्या होत्या हो बाबा!" ढब्बू फोन बापाच्या, म्हणजे दादाच्या, नाकापुढे नाचवत होता. "हे बघा. पाच म्हणजे पाच. आणि लोकांनी काय भरभरून लिहिलंय खाली!"

"मग आता चांदण्या चाटू का?" दादा भर रस्त्यात ओरडला. "टोपलीएवढी बशी, तिच्यात बोटाएवढा मासा आणि त्याच्यावर साबणाचा फेस. वर तो कोटवाला वाकून विचारतो, कसं वाटलं? अरे, वाटायला आधी पोटात काही जावं लागतं!"

"बाबा, हळू. लोक बघतायत," सून म्हणाली. चांदण्या तिनंच शोधल्या होत्या. ढब्बू नुसता फोन धरायला होता.

"बघू देत. उपाशी माणूस बघितला नसेल त्यांनी."

उपाशी कसला! सकाळी मुक्कामाच्या हॉटेलात या चौघांनी नाश्त्याचं टेबल असं धुऊन काढलं होतं, की तिथल्या बाईनं नंतर भांडी भरून आणणंच बंद केलं. पण या घराची रीतच ती. नाश्ता करताना दुपारच्या जेवणाचं बोलायचं, दुपारी जेवताना रात्रीच्या. या शहरात नदी होती म्हणे, मोठं घड्याळ होतं म्हणे. जेवणाच्या दोन जागांच्या मध्ये येत असेल तर बघायचं, नाहीतर राहू दे. पैसा टाकून आलोय तर चाखून जाऊ, असं ढब्बूची आई, म्हणजे वहिनी, म्हणायची, आणि चाखणं म्हणजे तिच्या भाषेत ताटाचा तळ दिसणं.

"आता शोधाशोध पुरे," वहिनीनं निकाल दिला. "त्या फोनला जीभ आहे का? वन्सं, तुम्हीच बघा बाई काहीतरी."

वन्सं म्हणजे आत्या. दादाची धाकटी बहीण. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी खांद्याला लावून ती मागे उभी होती आणि कधी हाक येते याचीच वाट बघत होती.

आत्यानं उभं आयुष्य एका फाटकावर काढलं होतं. कपडे शिवायचा कारखाना. पाळी सुटली की बायका रांगेनं बाहेर यायच्या आणि आत्या त्यांची झडती घ्यायची. पर्स उघडा, डबा उघडा, हात वर. कोणी दोऱ्याचं रीळ नेई, कोणी कापडाचा तुकडा, कोणी मूठभर बटणं. हात लावायच्या आधीच आत्याला कळायचं. जी बाई मालकाच्या नावानं बोंबलत येते, ती रिकामी. जी तुमची तब्येत विचारते, तिच्याकडे काहीतरी आहे. आत जाणारी माणसं सगळी सारखीच दिसतात, बाहेर येणारी तोंडं वाचावीत, हे तिचं शास्त्र.

आणि हेच शास्त्र ती खाणावळींना लावायची. आत डोकावायचं नाही, पाटी वाचायची नाही, वासाला भुलायचं नाही. समोरच्या बाजूला उभं राहायचं आणि जेवून बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघायची. बडबडत, हसत बाहेर आले, तर जेवण बेताचं. पुढं काय, गाडी कुठं लावली, बिल केवढं झालं, हे सुचतंय म्हणजे पोट भरलं नाही. पण माणसं गप्प बाहेर आली, पायांकडे बघत, सावकाश, एकमेकांशी न बोलता, तर डोळे मिटून आत शिरावं. चांगलं जेवलेल्या माणसाला बोलायचं काही उरत नाही. इतक्या सहली झाल्या, आत्या चुकली नव्हती. म्हणून तर दर सहलीला "आत्याला घ्या रे" असं व्हायचं. वहिनी एकदा तिच्या देखतच बोलून गेली होती, "वन्सं असल्या की खाण्याची सोय होते." आत्यानं ते कौतुक म्हणून घेतलं होतं. दुसरं काय म्हणून घेणार?

या खेपेला मात्र सोय बघायची गरज आत्याला होती. कारखान्यानं फाटकावर झडती घेणारी यंत्राची चौकट बसवली होती. बायका तिच्याखालून जायच्या आणि काही असलं तर चौकट शीळ घालायची. चौकटीला पगार लागत नाही आणि राहायला कंपनीची खोली तर नाहीच नाही. आत्याला खोली सोडायला सांगितलं होतं. दादाच्या घरात मागच्या अंगाला एक खोली होती, आईची. आई गेली तेव्हा दादाच सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ही आता चिमीची." आत्याचं सामान बांधून तयार होतं. तिनं फोन केला तर दादा म्हणाला, "चिमे, तू आधी सहलीला तर ये. खोलीचं निवांत बोलू." सहलीला निघाल्यापासून आत्या त्या निवांतपणाची वाट बघत होती. नाश्ता झाला, नदी झाली, फेसाचा मासा झाला. चांगलं जेवण पोटात गेलं की दादा मऊ होतो, हे ती लहानपणापासून जाणून होती. आज तिला नुसतं हॉटेल शोधायचं नव्हतं. आज तिला दादाला मऊ करायचं होतं.

तिनं दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. एका दारातून पोरं खिदळत बाहेर आली, नको. दुसरीकडून एक नवरा-बायको भांडत आले, मुळीच नको. ढब्बू मागून कण्हत होता, "आत्या, मला चक्कर येतेय गं." आणि मग एका अरुंद रस्त्याच्या वळणावर ती जागच्या जागी थबकली.

जुनी बसकी इमारत. पाटीवर कापड टाकलेलं. रंगकाम काढलं असेल. उघड्या दारातून माणसं एकेक करून बाहेर येत होती. एकही बोलत नव्हतं. म्हातारे, तरणे, कामाच्या कपड्यांतले, चांगल्या कपड्यांतले, सगळे खाली मान घालून सावकाश पायऱ्या उतरत होते. एका धिप्पाड माणसानं पायरीवर थांबून रुमालानं डोळे पुसले, नाक शिंकरलं. मागची बाई तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली.

आत्याच्या काळजात लख्ख झालं. एवढी गप्प माणसं तिनं कुठल्याच दारातून बाहेर येताना पाहिली नव्हती. आणि डोळ्यांतून पाणी! तिखट असावं तर असं.

"दादा!" ती रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "दादा, ये इकडे! हेच!"

दारात खांद्यावर फडकं टाकलेला एक म्हातारा वाढपी उभा होता. 'दादा' ऐकून त्यानं चटकन मान वर केली. पोट सावरत, धापा टाकत येणाऱ्या दादाकडे तो बघत राहिला.

"दादा?" त्यानं विचारलं. "तुम्ही... दादा?"

"मीच दादा," दादा खुशीत म्हणाला.

"बाहेरगावाहून?"

"तर! कालच आलो. जागा आहे ना पाच जणांना?"

वाढप्यानं काही क्षण ओठ घट्ट मिटून घेतले. मग बाजूला सरकून म्हणाला, "जागा ठेवलीय तुमची. उशीर केलात. पण आलात."

"रस्ता सापडेना हो," असं म्हणत दादा आत शिरला.

आत लांब टेबलं जोडून लावली होती आणि ती भरलेली होती. हे पाच जण शिरले तशी कुजबुज थांबली, आणि पुढच्या टेबलावरची माणसं चक्क उठून उभी राहिली. मधोमध एक टेबल रिकामं होतं, कोरं पांढरं कापड घातलेलं. वाढप्यानं खुर्ची ओढून दिली.

"बघितलंस?" दादा वहिनीच्या कानाशी लागला. "याला म्हणतात आदर. तुझा तो कोटवाला बघ आणि हे बघ."

"ढब्ब्यानं आधी फोन केला असणार."

ढब्बूला वाटलं बायकोनं केला. बायकोला वाटलं ढब्बूनं. फुकटच्या मानाची चौकशी कोण करतो?

गल्ल्यावर एका बाईचा फोटो होता, त्याच्यापुढे फुलं. हॉटेलात असतोच कोणाचा तरी फोटो. पदार्थांचं कार्ड कोणी दिलं नाही. काय हवं ते न विचारताच वाढायला लागले. आधी शेंगांचा दाट रस्सा, वाफाळता. मग भाजलेला मासा, असा की काटा आपसूक सुटत होता. तव्यावरून उतरलेला पाव. कांदा इतका वेळ परतलेला, की त्याचं नुसतं गोड काळं सोनं झालेलं. पहिल्या घासाला ढब्बूनं डोळे मिटले. सुनेनं ताटाचा फोटो काढला, मग नवऱ्याच्या ताटाचा काढला, मग उभी राहून अख्ख्या टेबलाचा काढला. समोरची एक म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती. सुनेनं तिलाही हसून मान हलवली.

"आणखी आणा हो मासा!" दादानं हाक दिली. "हात आखडू नका!"

मासा आला. पुन्हा रस्सा आला. आत्या स्वतः थोडंच जेवली; ती दादाचं तोंड वाचत होती. कपाळावर घाम, कान लाल, ओठ चकाकणारे. मऊ होत होता. तिनं मनातल्या मनात वाक्यही जुळवलं. दादा, त्या मागच्या खोलीला रंग मी माझ्या खर्चानं देईन.

दादाला एक सवय होती. जेवण आवडलं की करणाऱ्याला समोर बोलवायचं आणि चारचौघांत शाबासकी द्यायची. त्यानं बोटं चाटली आणि खुर्चीत मागे रेलला.

"कोणाचा हात म्हणायचा हा?"

"बाईंचाच," वाढपी म्हणाला. "म्हणजे त्यांनी शिकवला तसा. आम्ही सगळ्यांनी मिळून केलंय आज."

"वा! मग बाईंना बोलवा की. समोर येऊ देत."

वाढपी त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, बाई गेल्या."

"अरेरे. कुठं?"

वाढप्यानं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं.

"बरं, परत कधी यायच्या?" दादा पावाच्या तुकड्यानं बशी निपटत होता. "आम्ही आहोत अजून. भेटूनच जाऊ म्हणतो."

मागच्या टेबलावर कोणाचा तरी चमचा ताटात पडला. भिंतीजवळच्या एका बाईच्या तोंडून हुंदका फुटला आणि तिनं तो दोन्ही हातांनी आत कोंबला. वाढप्यानं पुढे होऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "असं नका करू दादा. मन घट्ट करा. तिला माती देऊनही झाली, आणि हे तिच्याच नावाचं जेवण."

गल्ल्यावरचा फोटो. फुलं. पाटीवरचं कापड. पायरीवर डोळे पुसणारा तो धिप्पाड माणूस. सगळं एकदम तिच्या अंगावर कोसळलं आणि कानांत नुसतं घूं घूं व्हायला लागलं. तिनं वाचली होती तोंडं! ज्यांचं माणूस गेलंय अशांच्या तोंडांवर तिनं तिखट वाचलं होतं.

शेजारी ढब्बूच्या गालात घास होता. त्यानं आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. गिळावा की काढावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं गिळला.

"दादा," आत्या टेबलाखालून त्याचा गुडघा हलवत पुटपुटली. "सांग त्यांना. चूक झाली म्हणावं. आपण ते नाही."

दादाच्या तोंडावरचा रंग उतरला होता. त्यानं भोवती बघितलं. भरलेली टेबलं, त्याच्यावर खिळलेले डोळे, कामाच्या कपड्यांतली दणकट माणसं, समोर रिकाम्या केलेल्या बश्यांची चळत. आत्याला त्याचा विचार अगदी स्पष्ट दिसला. हिशेब चालला होता त्याचा.

"बोलायचं नव्हतं आज," वाढपी म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मऊ नव्हता. "पण बोलतो. मला नाही राहवत. तुमच्या बहिणीनं उभा जन्म या चुलीपुढं काढला. पाय सुजले, डोळे गेले. आम्ही म्हणायचो, बाई, बस करा. तर म्हणायची, दादा खोली देणाराय मला. त्यानं शब्द दिलाय. दादा बोलावणार, दादा बोलावणार, एवढंच. सामान बांधून ठेवलं होतं हो! रोज लागणारी पळी तेवढी बाहेर, बाकी सगळं बांधलेलं. आणि तुम्ही? एक फोन नाही. माणूस आहात का तुम्ही?"

ही कोण कुठली बाई, हिचं सामान, हिचा दादा, हिची खोली. हा म्हातारा कोणाबद्दल बोलतोय? आत्या दादाकडे बघत राहिली. आता तरी हा म्हणेल, अहो, मी तो नव्हे.

दादा उठला. त्यानं हात जोडले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "फार मोठी चूक झाली. शब्द दिला होता मी. पाळला नाही. प्रपंचात राहून गेलं. आता काय तोंड दाखवू तिला?"

आणि त्याचे डोळे भरले. खरंखुरं पाणी. गालावरून ओघळलं, हनुवटीवर आलं. आई गेली तेव्हाही आत्यानं ते पाहिलं नव्हतं. अनोळखी माणसांच्या खोलीत, नाव माहीत नसलेल्या बहिणीसाठी, नरड्याशी आलेला मासा खाली ढकलत दादा रडत होता, आणि इतकं सुंदर रडत होता की भिंतीजवळची ती बाई उठली आणि तिनं त्याला पाणी दिलं.

वाढप्याचा राग ओसरला. तो आत गेला आणि एक कापडी पिशवी घेऊन आला. "हे तिचं. एवढंच ठेवलंय बाहेर. बाकीचं नंतर न्या."

दादानं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. वहिनीला कोणीतरी गोडाचा डबा बांधून दिला. वहिनीनं तोही घेतला.

कोपरा वळेपर्यंत पाचही जण ताठ चालत राहिले. वळल्या वळल्या सुनेच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. मग ढब्बूच्या. मग चौघंही भिंतीला धरून हसायला लागले.

"'परत कधी यायच्या'!" ढब्बूला बोलवेना. "बाबा, तुम्ही... 'भेटूनच जाऊ'!"

"मेल्यांनो, गप्प बसा, पोट दुखतंय," वहिनी डोळे पुसत होती. "पण काय रडलात हो! मला खरंच वाटलं तुम्हाला आणखी एक बहीण आहे."

"मग काय मार खायचा होता?" दादा छाती फुगवून म्हणाला. "तो मागचा आडदांड बघितलास? खरं सांगितलं असतं तर बत्तीशी हातात दिली असती. शेवटी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं की नाही?"

"आणि वन्सं तुम्ही! काय पण जागा शोधलीत!"

आत्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"पण जेवण मात्र," वहिनीनं बोटं ओठांना लावली, "तोड नाही हं. तुमचं शास्त्र काही चुकलं नाही. पुढच्या सहलीलाही तुम्हीच."

आत्या हसली नाही. तिच्या कानांतलं ते घूं घूं अजून थांबलं नव्हतं. रस्त्याकडेला एक बाक होता. दादानं पिशवी तिथे टेकवली आणि आत हात घातला. चष्मा. जुनी शाल. एक ॲप्रन, धुऊन घडी केलेला. आणि एक लोखंडी पळी, दांडा हातानं झिजून मधे बारीक झालेला.

"अगंबाई, किती वजनदार," वहिनीनं पळी उचलून तोलून पाहिली. "असलं लोखंड आता नाही मिळत." आणि तिनं ती आपल्या पर्समध्ये सरकवली.

दादानं बाकीचं आत कोंबलं आणि पिशवी पायानं बाकाखाली ढकलली. "राहू दे इथंच. गरजू नेईल कोणीतरी. चला, आता काहीतरी थंड खाऊ."

"दादा," आत्या म्हणाली.

"काय गं?"

"माझ्या खोलीचं काय?"

हसू थांबलं. सून फोनमध्ये बघायला लागली. ढब्बूला एकाएकी समोरची इमारत फार आवडली.

"हे काय रस्त्यात?" दादा म्हणाला.

"तू निवांत बोलू म्हणालास. तू जेवलास. आता बोल."

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "सांगून टाका एकदाचं."

"अगं, हिचं घरून काम चालतं," दादानं सुनेकडे हनुवटी केली. "तिला जागा लागते. टेबल, खुर्ची, सगळं बसवून झालंय मागच्या खोलीत. तुला सांगणारच होतो, सहल संपल्यावर. म्हटलं, चार दिवस आनंदात जाऊ देत. तुझं कुठंतरी बघू की. आणि सहलीला तर तू हवीसच गं चिमे. तुझ्याशिवाय आमची सहल होते का?"

त्याचा आवाज मऊ होता. डोळे कोरडे होते. आत तो ज्या तोंडानं रडला होता ते तोंड त्यानं कुठे ठेवलं, हे आत्याला कळेना. इतकी वर्षं रोज तिनं तोंडं वाचली, आणि हे एक तोंड, ज्याच्याबरोबर एका ताटात जेवली, ते तिला कधी वाचताच आलं नव्हतं. ओरडावं असंही तिला वाटलं नाही.

ती वाकली. बाकाखालून पिशवी काढली, तिची धूळ झटकली. मग वहिनीसमोर उभी राहिली.

"पर्स उघडा."

"काय?"

"वहिनी, पर्स उघडा."

हा आवाज घरातल्या कोणी कधी ऐकला नव्हता. तो फाटकावरचा आवाज होता. त्यात राग नसायचा, विनवणी नसायची, आणि कारखान्यातल्या एकाही बाईनं त्याला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. वहिनीचे हात आपोआप हलले. चेन उघडली.

"अहो, बघताय काय? तुमची बहीण माझी झडती घेतेय रस्त्यात!"

आत्यानं पळी काढून पिशवीत ठेवली. वहिनीनं ढब्बूकडे सोपवलेला गोडाचा डबा त्याच्या हातातून घेतला. खांद्यावरची पाण्याच्या बाटल्यांची पिशवी उतरवून बाकावर ठेवली.

"आत्ता परत जाऊन काय सांगणार तू?" दादा ओरडला. "चिमे, वेड लागलंय का? ते लोक फाडून खातील तुला!"

आत्या चालायला लागली होती.

टेबलं रिकामी झाली होती. पांढरी कापडं काढून एका खुर्चीवर टाकलेली. वाढपी आणि ती भिंतीजवळची बाई उरलंसुरलं एका पातेल्यात ओतत होते. आत्या दारात थांबली. तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना.

"काय राहिलं?" वाढप्यानं विचारलं. मग त्यानं पिशवी बघितली.

"तो तिचा दादा नव्हता," आत्या म्हणाली. "माझा आहे."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो खुर्चीचा आधार घेऊन उभा राहिला. "म्हणजे? तुम्ही कोण मग?"

"कोणी नाही. सहलीला आलोय. मला वाटलं, हॉटेल उघडं आहे."

"हॉटेल," तो म्हणाला. "हॉटेल! माणसं रडत होती दारात. दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं. मला वाटलं, तिखट आहे."

भिंतीजवळची बाई खाली बसली. वाढप्यानं तिच्याकडे बोट केलं. "हिनं त्याला पाणी दिलं प्यायला. मी खांद्यावर हात ठेवला. तिची पिशवी दिली मी त्याला, माझ्या हातानं. आणि तुम्ही बघत बसलात? तोंड शिवलं होतं तुमचं? लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून आले."

"उशिरा वाटली."

"हो."

त्याच्यापुढे तिनं पिशवी टेबलावर ठेवली, बाजूला गोडाचा डबा ठेवला. त्यानं पिशवी उघडली नाही. तो नुसता तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. बाहेरून एक गाडी गेली.

"तो येणार नाही मग," बसलेली बाई म्हणाली. "खरा."

"नाही," वाढपी म्हणाला. "नाहीच येणार." त्यानं पिशवी उचलून फोटोशेजारी गल्ल्यावर ठेवली. परत आला तेव्हा त्याच्या अंगातला जोर गेला होता. "तुमची माणसं थांबली असतील."

"असतील."

आत्या हलली नाही. वाढप्यानं तिच्याकडे एकदा बघितलं. मग सगळ्यात जवळच्या टेबलाची कड धरली.

"ही शेजारच्या शाळेची आहेत. तास सुरू व्हायच्या आत पोचवायला हवीत. धरता का त्या बाजूनं?"

आत्यानं बाह्या दुमडल्या आणि दुसरी कड धरली. टेबल दिसत होतं त्याहून जड निघालं. दोघं ते घेऊन दारापर्यंत आले. दार अरुंद होतं.

"जरा तिरकं घ्या," तो म्हणाला.

तिनं तिरकं घेतलं.